गूळबाजारात जन्मलेले मल्हारी आबा

मल्हारी आबा कोणत्याही इमारतीत शिरले की आधी वर बघायचे. समोर प्रांतसाहेब बसलेले असोत की नवरा-नवरी, आबांचा रामराम छपरानंतर. एका हाताने पटका सावरत, मान मागे टाकून ते आढ्यापासून वळचणीपर्यंत नजर फिरवायचे, मनाशी काहीतरी पसंत-नापसंत करायचे आणि मगच खाली माणसांत यायचे. एका मयताला गेले असताना त्यांनी प्रेताआधी पत्र्याची गळती पाहिली आणि ती घरच्यांना सांगितलीसुद्धा, अशी गोष्ट इंदापुरात सांगत. मी एकदा त्यांना विचारलं, ही गोष्ट खरी का? "खरी हाय की," ते म्हणाले. "मेलेल्याला गळत न्हाय बाई, मागं ऱ्हायलेल्यास्नी गळतं."

मी तेव्हा, नव्वदच्या दशकात, डिप्लोमा करून नुकतीच नोकरीला लागले होते. घर लोणी भापकरला, खोली बारामतीत आणि काम इंदापुरात. उजनीच्या पाण्यावर मासेमारी करणाऱ्यांची एक सहकारी संस्था होती, तिथे मी ओव्हरसियर. बाई ओव्हरसियर म्हटल्यावर लोकांना सुचायचं नाही. निम्मे जण मला कुटुंबनियोजनवाल्या बाई समजून वाट बदलत. आबांनी मात्र पहिल्या दिवसापासून मला "ओव्हरसीर बाई" केलं, आणि माझ्या प्रत्येक मापात एक चूक आहे असं गृहीत धरून ते दोनदा मोजलं. दहातल्या नऊ वेळा माझं बरोबर निघायचं. त्याचं त्यांना जराही वाईट वाटत नसे. टेप कधीमधी चुकते, असं म्हणून ते पुढे जात.

आबा पत्र्याच्या शेडचे ठेकेदार होते. कोंबड्यांची शेडं, दुधाच्या डेअऱ्या, गुऱ्हाळं, बारामतीपासून पळसदेवपर्यंत रस्त्याने जाताना ते बोट दाखवत, "हे आपलं. ते आपलं. ते बी आपलं, पर मालकानं रंग चुकवला." त्यांच्या आधीच्या पिढ्या मेंढरांमागे होत्या. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर टाकून कोकणच्या अंगाला उतरायचं आणि वळीव पडायच्या सुमाराला परत यायचं. मेंढरं विकली गेली, भाऊ शेतीला लागले, एक एसटीत गेला, आणि आबा छपरांत शिरले. "आमच्या सात पिढ्या आभाळाखाली झोपल्या," असं ते सांगत. "छप्पार म्हंजी काय चीज हाय, ते मला बगून घिऊ द्या."

माझी त्यांची गाठ पडली ती जुन्या गूळबाजारात. गावातले म्हातारे त्या इमारतीला 'जिन' म्हणत, बाकीचे 'गूळबाजार'. तिची कहाणी कुणाला सलग माहीत नव्हती, आणि मला तर असल्या गोष्टींचा नको तितका नाद. पूर्वी तिथे कापसातली सरकी काढायचा कारखाना होता, म्हणजे जिन. ती बंद पडल्यावर आडत्यांनी तिथे गुळाचे सौदे सुरू केले. पुढे ऊस सगळा साखर कारखान्यांकडे वळला, राहिलेला गूळ गावाबाहेरच्या नव्या मार्केट यार्डात गेला, आणि या दगडी भिंतींच्या वाट्याला शेळ्या आणि क्रिकेट खेळणारी पोरं आली.

आमच्या संस्थेला तिथे माशांचा बाजार भरवायचा होता. पळसदेवकडच्या बायका तोवर हायवेच्या कडेला उन्हात पाट्या मांडून बसत. दुपारी बर्फ वितळायचा आणि त्याबरोबर भावही. गूळबाजार त्यांच्यासाठीच बांधल्यासारखा होता. बैलगाडीच्या उंचीचा दगडी ओटा होता, तो टेम्पोला बरोबर लागत होता. मागे विहीर होती. भिंतीत छातीच्या उंचीवर एका रांगेत गोल भोकं होती. कधीकाळी त्यांतून यंत्रांचा लोखंडी दांडा फिरत असावा, आता त्यांतून वारा छान खेळत होता. फरशीच्या सांध्यांत गूळ इतका मुरलेला, की पाणी मारलं की मुंगळे बाहेर येत. इमारतीचे मालक रतनशेठ, जुन्या आडत्यांपैकी शेवटचे. त्यांनी जागा भाड्याने दिली, पण एका अटीवर. पावसाळ्याआधी बाजार सुरू झाला तर ठीक, नाहीतर त्यांची मुलं भिंती पाडून तिथे दुकानांचे गाळे काढणार होती. मुलं तर टपूनच बसली होती.

तेव्हा जुने पत्रे आणि कैच्या, म्हणजे पत्रे तोलणारे तिकोनी लोखंडी सांगाडे, उतरवून नवं छप्पर घालायचं काम आबांना दिलं होतं. ते आले, दारातून आत शिरले आणि वर बघू लागले. किती वेळ तसेच. मी म्हटलं, "आबा, मी इकडे आहे. खाली."

"म्हायती हाय," ते म्हणाले. "तुमी दुसऱ्या. पयलं हे."

मग त्यांनी वहाणा काढून दाराबाहेर ठेवल्या. मला वाटलं आत कुठे देव असेल. देव नव्हता.

"हितं माझा जलम झालाय," आबा म्हणाले.

कोकणातून परत येताना त्यांच्या आईचे दिवस भरत आले होते. इंदापुराजवळ वळवाने गाठलं, गारांसकट. बिऱ्हाडातल्या माणसांनी तिला उचलून या बाजारात आणलं आणि इथे आबा झाले. त्यांची सगळी भावंडं वाटेवर, कुठल्या ना कुठल्या बाभळीखाली जन्मली होती. "आमच्या घरात छपराखाली जलमल्याला पयला माणूस मी," हे सांगताना आबांचा आवाज जरा मोठा व्हायचा. "आई म्हणायची, बाजारात झालास, वरनं थेंब पडू दिला न्हाय तुझ्यावर. भाऊ मला श्येट म्हणून चिडवायचे." त्या छपरावरूनच आपण या धंद्यात पडलो, असं त्यांचं म्हणणं. डोळे उघडले तेव्हा पहिलं जे दिसलं ते हे, आणि ते काही केल्या डोळ्यांपुढून हटलं नाही. हे ऐकायला फार गोड होतं. पण हेच छप्पर उतरवायचं होतं आणि उतरवणारे हेच होते.

मग सुरू झाली टाळाटाळ. एक दिवस माणसं मिळाली नाहीत. एक दिवस अमावस्या होती. एक दिवस शिडी पणदऱ्याला गेली होती, जशी काही ती पायी गेली होती. मी चिडून विचारलं की आबा म्हणत, "ठिगाळ लावू की. एवढं चांगलं लोकांड आता मिळतंय व्हय?" पश्चिमेकडचे पत्रे चाळणी झाले होते. हे त्यांना दिसत नव्हतं असं नाही. एरवी त्यांना कोपऱ्यातला सुटलेला खिळाही दिसायचा. पण आईच्या दुखण्याबद्दल मुलगा जसा बोलतो, 'जरा थकली आहे एवढंच', तसे ते बोलत.

वैशाख निम्मा झाला. हिराबाई नावाची एक पळसदेवची बाई होती, सगळ्या विक्रेत्या बायकांची पुढारी. ती एक दिवस रिकामी पाटी काखेत घेऊन आली आणि ओट्यावर बसली. तेवढ्यात वावटळ उठली आणि पश्चिमेचा एक पत्रा खडखडत खाली आला. बायकांनी जिथे बसायचं तिथेच तो पडला. हिराबाई उठली, पत्र्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "आबा, तुमचा जलम झाला हितं, लई ब्येस झालं. आता आमचं मराण नगा करू."

आबांनी पत्रा उचलून भिंतीला टेकवला. मला त्यांची दया आली आणि रागही आला, दोन्ही एकदमच.

दुसऱ्या दिवशी कैच्यांचे पाय तपासायला मी स्वतः शिडीवर चढले. कैची भिंतीवर जिथे टेकते तिथला चुना मी खरवडला, तर खाली दगड लागला नाही, लाकूड लागलं. मनगटाहून जाड, पिळदार, वाळलेलं. दगडांच्या सांध्यांत शिरलेलं पिंपळाचं मूळ. कुणीतरी झाड तोडून, मूळ तसंच ठेवून, त्याच्यावर कैची बसवली होती. पुढच्या कैचीखालीही तेच. मी शिडीवरच थांबून राहिले. मला काय सापडलंय हे मला कळलं होतं, आणि ते न सापडतं तर बरं झालं असतं असंही वाटत होतं.

गप्प बसावं का? छप्पर तर उतरायचंच होतं. पण मला राहवेना, आणि खरं सांगायचं तर मला उत्सुकताही होती. मी आबांना हाक मारली. ते चढून आले. त्यांनी मुळावर हात ठेवला, नखाने साल काढून पाहिली, मग कैचीच्या पायाकडे पाहिलं. मला एक शब्द बोलावा लागला नाही.

"छपराखाली पिंपाळ उगवत न्हाय," ते म्हणाले.

"नाही."

"एवढा वाढायचा तर लई वरसं लागत्यात. म्हंजी लई वरसं हितं आभाळच हुतं." ते हळूच खाली उतरले. खाली येऊन पटका काढला, झटकला, परत बांधला. "श्येट जिता हाय न्हवं अजून? चला."

रतनशेठ त्यांच्या ओसरीवर आरामखुर्चीत पडले होते. कान मंद, पण आठवण पक्की. आबांनी विचारलं तसं ते भराभर सांगू लागले. जिन बंद पडली तेव्हा लढाई सुरू होती आणि लोखंडाला सोन्याचा भाव आला होता. मालकाने यंत्रं विकली, मग पत्रे, मग कैच्यासुद्धा. आडत्यांनी घेतल्या त्या नुसत्या भिंती. "कितीतरी हंगाम आम्ही उघड्यावर सौदे केले," शेठ म्हणाले. "पिंपळ तर असा वाढला होता, की त्याच्या सावलीत बसून रुमालाखाली हात घालायचो, बोटांनी भाव ठरायचा. छप्पर फार पुढे आलं."

"तवा एक धनगराची बाळंतीण आल्ती का, श्येट? वळवात?"

शेठ आबांकडे बघत राहिले. "आली होती," ते म्हणाले. "मी नुकताच गादीवर बसायला लागलो होतो. हंगामाचे शेवटचे दिवस. गारा अशा, की बैल ओरडत होते."

"छप्पार न्हवतं. मग ताडपत्र्या असतील."

"होत्या." शेठनी उपरण्याने तोंड पुसलं. "गुळावर होत्या. गुळाला पाणी लागलं की संपला तो. वडील म्हणाले, ढेप उघडी पडता कामा नये."

आता आबा काही विचारणार नाहीत असं मला वाटलं. त्यांनी विचारलं. "मग?"

"हमाली करणाऱ्या बायका होत्या चौघी. त्यांनी एक घोंगडी धरली वर. चार कोपरे चौघींनी. गारा थांबल्या, पण पाऊस थांबेना, आणि बाळंतपणही लवकर होईना. हात सुजले त्यांचे. आम्ही गादीवरून बघत होतो. एकीनेही कोपरा सोडला नाही." शेठ खुर्चीत सरळ बसले. "घोंगडी गजराची होती. गजरा हमालीण. पणदऱ्याकडची."

माझ्या तोंडावर आलं होतं, की शेठ, एक ताडपत्री निघाली नसती का? आबांनी मला डोळ्यांनीच गप्प केलं. ते शेठना म्हणाले, "बरं केलं. गूळ भिजला असता तर त्या बायास्नी हजरी कुणी दिली असती?" हे टोमण्याने म्हटलं की मनापासून, ते मला आजही नक्की सांगता येत नाही. आबांच्या बोलण्यात दोन्ही एकाच पानात वाढलेलं असे. शेठचे डोळे मात्र भरून आले.

परत येताना माझ्या मोटरसायकलवर मागे बसलेले आबा एकच वाक्य बोलले. "आईनं खोटं न्हवतं सांगितलं. मीच म्हटलं, छप्पार असंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचायच्या आधी पश्चिमेचे पत्रे उतरले होते. आबा स्वतः वर होते, माणसांवर ओरडत. त्यांना इतकं आनंदात ओरडताना मी पाहिलं नव्हतं. कैच्या उतरल्या, पिंपळाची मुळं त्यांनी खोदून काढली, सांधे सिमेंटने भरले. मधले काही दिवस ती इमारत परत नुसत्या भिंतींची झाली होती. आबा भर उन्हात मधोमध बसून भाकरी खायचे आणि सावलीत बोलावलं तर म्हणायचे, "ऱ्हाऊ द्या. हिकडं बरं हाय." नव्या कैच्यांचं माप त्यांनी एकदाच मोजलं. माझ्या टेपवर त्यांचा पहिल्यांदा विश्वास बसला.

मृगाच्या तोंडावर बाजार सुरू झाला. हिराबाईने ओट्याच्या मधली जागा धरली आणि पहिल्या दिवशी कटला माशाच्या पाट्या उतरल्या. मुंगळ्यांनी बायकांना सळो की पळो करून सोडलं. फरशी धुवावी तितके ते वर येत. गुळाच्या जागेत मासळी नको म्हणणारे काही लोकही आले होते, त्यांना रतनशेठच म्हणाले, "माझा गूळ मी बघून घेईन." आणि त्यांनी एक मरळ पिशवीत घातली. ती स्वतःसाठी नव्हे, शेठ शाकाहारी. शेजारच्या घरी द्यायला घेतली, पण पिशवी सगळ्यांना दिसेल अशी धरून नेली.

पुढे आबांबरोबर मी बरीच कामं केली. भांडलोही बरंच. ते जाऊन आता खूप वर्षं झाली. त्यांच्या मुलांनी धंदा वाढवला आहे, रस्त्याने जाताना अजून "आपली" शेडं दिसतात. माझ्या मनात मात्र आबा राहिले आहेत ते त्या पावसाळ्यातल्या एका उघडिपीच्या दिवशीचे. सकाळीच ते माझ्या खोलीवर आले आणि म्हणाले, "ओव्हरसीर बाई, चला पणदऱ्याला. गजराबाई जिती हाय."

त्यांच्या काखेत नवी कोरी घोंगडी होती, काळी, जाड, अजून लोकरीचा वास असलेली. गजराबाई उसाच्या कडेला नातवाच्या घराच्या ओट्यावर बसली होती. दोन्ही डोळ्यांत फूल पडलेलं. आबांनी तिच्यापुढे बसून सगळं सांगितलं, कोण, कुठले, कुठल्या वळवातले. ती ऐकत होती की नाही कळत नव्हतं. त्यांनी घोंगडी तिच्या मांडीवर ठेवली. तिने काठ चाचपला, पहिला, मग दुसरा.

"हे घोंगडं माझं न्हाय," ती म्हणाली. "माज्या काठाला तांबडा दोरा हुता. मी भरला हुता. तुज्या आईनं नेलं ते. परत देते म्हणाली हुती."

आबांचा चेहरा पडला. "तांबड्या दोऱ्याचं?" ते म्हणाले. "आमी समदी भावंडं त्याच्याखालीच झोपायचो, आत्ये. आमाला वाटलं आमचंच. आई गेली तवा..." त्यांनी पटका सावरला. "आईला त्याच्यातच गुंडाळून नेली."

गजराबाईने चाचपत असलेला काठ सोडला. मग म्हणाली, "मग ऱ्हाऊ दे तिच्यापाशी." तिने हात पुढे केला, आबांचा दंड चाचपला, खांदा चाचपला, मग पटका. "लई मोठा झालास की रं," ती म्हणाली. "वाक जरा."

आबा वाकले. तिने मांडीवरची घोंगडी उलगडली आणि आबांच्या डोक्यावरून टाकली. दोन्ही कोपरे तिने मुठीत घट्ट धरले होते. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. मला रडू आवरेना. घोंगडीखाली आबांनी काहीतरी बोलायचा प्रयत्न केला.

"गप बस," गजराबाई म्हणाली. "गारा थांबूस्तोवर हलू नगंस."